बेटावरच्या शेवया

त्या शनिवारी दुपारी बेटावरच्या काठीला फडकं लागलं. मी ते खिडकीतून पाहिलं आणि वह्या तपासत बसलो. वह्या संपल्यावर होडी घेऊन गेलो. भाऊ गेले होते.

घडलं ते एवढंच. बाकी जे लिहितो आहे ते त्याच्या आधीचं आहे, आणि थोडं नंतरचं.

आमच्या धरणाच्या पाण्यात एक टेकाड आहे. पावसाळ्यात धरण भरलं की ते चारी बाजूंनी सुटं होतं आणि होळीपर्यंत तसंच राहतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की एका अंगाने चिखलातून पायवाट निघते. टेकाडावर एकच घर, भाऊंचं. धरण झालं तेव्हा भाऊ लहान होते. खालची वस्ती पाण्यात गेली, माणसं दुसऱ्या तालुक्यात गेली. भाऊंच्या वडिलांचा टेकाडावरचा तुकडा तेवढा कोरडा राहिला. "जमीन वर हाय तर मानूस खाली कशाला जाईल," असं वडील म्हणाले आणि तिथेच राहिले. भाऊ हे वाक्य नेहमी वडिलांच्या आवाजात म्हणून दाखवायचे, मान ताठ करून.

मी काठावरच्या गावात शिक्षक आहे. माझी खोली पाण्याकडे तोंड करून आहे. आठ वर्षांपूर्वी बदली होऊन आलो तेव्हा शाळेतल्या पोरांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "गुरुजी, चायनीज खाल्लं का?" मला वाटलं, रस्त्यावर एखादी गाडी लागत असेल. पोरांनी पाण्याकडे बोट दाखवलं.

भाऊंचं दुकान म्हणजे घरापुढची पडवी. पाटी नाही. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली गॅसची शेगडी आणि एक लोखंडी कढई. पदार्थ एकच, नूडल्स. लोणावळ्याहून, कामशेतहून लोक यायचे. काठावर तंबू लावून राहणारी शहरातली पोरं यायची. पण खरी गर्दी गावाची. रविवारी गावातल्या बायका पोरांना घेऊन होडीत बसायच्या. "आज चूल नाही, आज भाऊ," असं आमच्याकडे म्हणायची पद्धत पडली होती.

होडी भाऊंचीच, पण ती बेटावर नसायची. ती आमच्या काठाला, शाळेमागच्या जांभळाला बांधलेली असायची. ज्याला यायचं त्याने वल्हवत यावं, जाताना घेऊन जावी आणि पुन्हा जांभळाला बांधावी. भाऊ स्वतः पाण्याच्या मधोमध होडीशिवाय राहायचे. मी एकदा विचारलं, "भाऊ, निदान एक होडी तुमच्याकडे नको का?"

"कशाला? मला कुटं जायाचंय?"

"लागली तर?"

"लागली तर तुमी हाय की पलीकडं."

यासाठी काठी होती. भाऊंकडे मोबाईल होता, पण रेंज टेकाडाच्या टोकाशी उंबराखाली उभं राहिलं तरच, आणि तीही वाऱ्याच्या मर्जीने. शिवाय तो चार्ज करायचं त्यांच्या लक्षात राहत नसे. म्हणून उतारावर एक उंच बांबू रोवला होता. त्याला पांढरं फडकं लागलं म्हणजे, कुणीतरी या, घाई नाही. मीठ आणा, मला पलीकडे न्या, किंवा नुसतं बोलायला या. लाल फडकं म्हणजे हातातलं टाकून या. आठ वर्षांत लाल मी एकदाच पाहिलं. तंबूवाल्या एका पोराला साप चावला होता. तेव्हा मी शाळेतला तास अर्ध्यावर सोडून होडी घेऊन गेलो होतो, आणि पोरगं वाचलं. पांढरं आठवड्यातून दोनदा तरी लागायचं. बहुतेक वेळा ते माझ्यासाठी असायचं, कारण खिडकी माझी होती.

गेलो की पहिला प्रश्न ठरलेला. "मास्तर, जगात काय चाललंय?"

जग म्हणजे आमचा काठ. मी वर्तमानपत्रातलं काही सांगायला लागलो की ते हात करून थांबवायचे. "ते ऱ्हाऊ द्या. जगात काय ते सांगा." मग मी सांगायचो, कुणाची म्हैस व्याली, शाळेचा पत्रा कुठे गळतोय, कोणाच्या घरी भांडण झालं. ते कढईकडे बघत ऐकायचे आणि शेवटी निकाल द्यायचे, "म्हंजी जग बरं चाललंय."

पाणी उतरायला लागलं की ते रोज सकाळी काठावर एक खुंटी ठोकायचे. मग कालच्या आणि आजच्या खुंटीमधलं अंतर पावलांनी मोजून मला ओरडून सांगायचे. शांत सकाळी आवाज पाण्यावरून सरळ यायचा. "मास्तर! आज दोन पावलं जमीन वाढली!" पावसाळ्यात त्याच खुंट्या एकेक करून बुडायच्या. तेव्हा ओरडायचे नाहीत. विचारलं तर म्हणायचे, "दिली परत. वापरायला आनलीती."

भाऊ नूडल्स लोणावळ्याजवळच्या भुशीला शिकले. तिथल्या धरणाखाली पावसाळ्यात खाण्याच्या गाड्या लागतात, त्यातल्या एकीवर ते ऐन उमेदीची वर्षं होते. एका पावसात घाट बंद झाला, नूडल्सची पाकिटं संपली आणि गिऱ्हाईक तर भिजून उभं. भाऊंच्या पिशवीत आईने दिलेल्या शेवया होत्या. त्यांनी त्या उकडल्या, कोबी आणि सॉस घालून परतल्या आणि दिल्या. गिऱ्हाईकाने दुसरी प्लेट मागितली. मालकाने मात्र सगळ्यांसमोर शिव्या घातल्या की गाडीचं नाव घालवशील. भाऊंनी झारा ठेवला आणि बेटावर परत आले. पुन्हा कधी पाकीट फोडलं नाही.

"नूडल म्हंजी काय मास्तर? शेवईचं पोरगं. शिकाया भाईर गेलं आन् सोया सॉस पिऊन आलं."

वर्षभराच्या शेवया चैत्रात व्हायच्या. तेव्हा पायवाट उघडलेली असायची. भाऊंची धाकटी बहीण नवलाख उंबरे या गावाहून यायची. तिचे यजमान तिथल्या कारखान्यात होते. शाळेतली पोरं तिला मावशी म्हणायची, म्हणून मीही. मावशींबरोबर त्यांच्या वस्तीतल्या दोघीतिघी असायच्या. आता घरोघर मशीनवर शेवया करून आणतात. इथे हाताने व्हायच्या. मळलेल्या कणकेची दोरी ओढायची, दुमडायची, पुन्हा ओढायची, पिठात घोळवायची, आणि सुतासारखी झाली की आडव्या काठीवर वाळत टाकायची. भाऊ बायकांच्या रांगेत मांडी घालून बसायचे आणि सगळ्यांत लांब शेवई ओढायचे. पुरुषाने शेवया करणं आमच्याकडे कोणी पाहिलेलं नव्हतं. बायका सोडायच्या नाहीत.

"भाऊ, बांगड्या भरू का हातात?"

"भरा की. काचंच्या नको पन. पिठात फुटत्यात."

"पोरगी बघाया आलं कुनी तर काय सांगू? नवरा शेवया लय बारीक करतो?"

"सांगा. आन् पोरीला इचारा, तिला येत्यात का."

मावशी खाली मान घालून म्हणायच्या, "लगीन करायचं न्हवतं म्हून समदं शिकून बसला ह्यो." यावर भाऊ शेवई तेवढी जास्त लांब ओढायचे.

शहरातून आलेल्यांना मात्र जपून वागावं लागे. एक पोरगा पडवीत बसून म्हणाला, "भैया, मेन्यू कार्ड?"

"भाऊ म्हन. भैया न्हाई मी. मेन्यू म्होरं हाय, कढईत."

"शेजवान मिळेल?"

"ठेचा हाय. खाऊन बघ, मंग तूच सांग शेजवान का काय ते."

पोरगा खाऊन रडला आणि दुसरी प्लेट घेतली. ताटाचे फोटो काढत बसणाऱ्याला भाऊ शेवटी वाढायचे. हात धुतल्याशिवाय कोणाला नाही. लहान-मोठा, साहेब-मजूर सगळ्यांना तू. मला तेवढं मास्तर आणि तुम्ही, आणि नंतर आणखी एकाला.

तो दुसरा म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. ते मी नेलं. शाळेच्या व्हरांड्यात कुत्री व्याली होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर बघतो तर चार पिल्लं कोणी कोणी नेलेली, एक उरलेलं. तपकिरी, पोट मोठं, पाय वाकडे. भाऊ एकटे असतात हे माझ्या मनात होतं. त्यांच्या मनात ते होतं की नाही, हे मी कधी विचारलं नव्हतं. मी ते कापडी पिशवीत घालून होडीत ठेवलं.

"काय हाय पिशवीत? पुस्तकं?"

"कुत्रं."

भाऊंनी पिशवीत डोकावून पाहिलं. "वाचायचं कसं?"

"भाऊ, राहू द्या इथे. सोबत होईल."

"मला सोबत कशाला? न्या माघारी."

"नेतो. जरा पाणी पाजा, मग नेतो."

त्यांनी वाटीत पाणी आणलं, पिल्लापुढे ठेवलं आणि म्हणाले, "घ्या. दमून आला असाल."

मी हसलो. ते हसले नाहीत. "हसताय काय? नवीन हायत ते हितं. पाव्हनं हायत." तेव्हापासून ते पिल्लू पाव्हणंच झालं. त्याला नाव ठेवलं नाही. त्याने पिठात पाय घातला तर भाऊ म्हणायचे, "पाव्हनं, हे बरं न्हाई हं." पाण्याकडे धावलं तर पाठोपाठ जाऊन उचलून आणायचे आणि समजावून सांगायचे की इथून पुढे जग लागतं. सोळा जणांची पंगत बसलेली असली तरी आधी त्याच्या वाटीत शेवया पडायच्या, बिनतिखटाच्या. गावातल्या बायका बोलायच्या, "आमाला तू आन् कुत्र्याला तुमी?" भाऊंचं उत्तर, "तुमी घरच्या. त्यांना अजून आपलं समदं म्हाईत न्हाई."

मार्गशीर्षात पाण्यावरून वारा सुटतो. आठवड्याने गेलो तर पिल्लू पडवीतल्या खोक्यात गुंडाळून झोपलेलं, आणि त्याच्या अंगाखाली लाल फडकं.

"भाऊ, हे लाल काढलंत होय?"

"गार लागतं त्यांना. दुसरं जाड न्हवतं."

"आणि तुम्हाला काही झालं तर?"

"मला काय हुतंय? पांढरं हाय की."

"पांढरं दिसलं की मी सावकाश येतो, भाऊ."

"मंग या सावकाश."

"मी रविवारी बाजारातून लाल कापड आणतो. अर्धा मीटर."

"आना. भडक आना जरा. हे इटलं हुतं."

रविवारी मी लोणावळ्याला गेलो. तिथे एका गल्लीत जुनी पुस्तकं रद्दीच्या भावाने विकणारा एक म्हातारा बसतो. मी तिथे दोन तास उकिडवा बसलो आणि तीन पुस्तकं घेऊन शेवटच्या बसने आलो. कापडाची आठवण घरी येऊन दिवा लावल्यावर झाली. भाऊंना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पुस्तकं इसरला न्हाई." आणि मोठ्याने हसले.

त्याच्या पुढच्या रविवारी आठवण होती. कापडाच्या दुकानासमोरून गेलो. लग्नाच्या बस्त्याची गर्दी होती, पायऱ्यांपर्यंत चपला. मी म्हटलं, पुढच्या वेळी.

त्यानंतरचा शनिवार तो.

शाळा सकाळची होती. दुपारी जेवून मी चौथीच्या वह्या घेऊन बसलो. मान वर केली तेव्हा फडकं नुकतंच चढत होतं. पांढरं. मी मनात म्हटलं, भाऊंना जगातलं ऐकायचंय. सव्वीस वह्या होत्या. एका मुलीने निबंधात धरणाचं वर्णन लिहिलं होतं, ते चांगलं होतं. त्यावर मी चार ओळी लिहिल्या. सव्वा तासाने उठलो.

पाण्याच्या मध्यावर असताना मला आठवलं की बेटावर लावायला लाल फडकं नाहीच. मी वल्ही जोरात मारायला लागलो. त्या आधी मारत नव्हतो.

भाऊ बांबूला टेकून बसले होते, आमच्या काठाकडे तोंड करून. हात धरला. तो अजून गार झाला नव्हता. पडवीत गॅस खालून बंद केलेला होता. कढई धुऊन पालथी घातलेली. चिरलेल्या कोबीवर ताट झाकलेलं. पिल्लू दिसेना म्हणून शोधलं, तर ते डालग्याखाली होतं. ते पाण्याकडे जाऊ नये म्हणून डालग्यावर दगड ठेवला होता. आत पाण्याची वाटी होती आणि खोक्यातलं लाल फडकं होतं.

डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, कोणी काही करू शकलं नसतं. गावानेही मला तेच सांगितलं. सगळ्यांनी आळीपाळीने सांगितलं, कारण मी जेवत नव्हतो. मी मान हलवली. मोठा झटका आलेला माणूस गॅस बंद करतो का, कढई धुतो का, वाटीत पाणी भरतो का, हे मी कोणाला विचारलं नाही. भाऊंना वेळ मिळाला होता. तो त्यांनी सगळा नीट वापरला. आणि मग उतारावर बसून माझी वाट पाहिली.

त्यांनी ते लाल फडकं पिल्लाखालून ओढून काढून का लावलं नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. उत्तर काय असेल हे मला माहीत आहे, म्हणून तो विचार आता करत नाही.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला काठ भरला होता. वंदना झाली. मग एकेक जण उठून बोलला. सापाचं विष उतरलेला तो पोरगा पुण्याहून आला होता. एका बाईने सांगितलं की तिचा मुलगा आजारातून उठल्यावर पहिला घास भाऊंच्या हातचा जेवला. शेवटी माझं नाव घेतलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो की भाऊंनी मला होडी चालवायला शिकवली. एवढं बोलून बसलो. लोकांना वाटलं, मास्तरांना शोक अनावर झाला. ते खोटं नव्हतं, पण पुरं खरंही नव्हतं.

हिवाळाभर मी ते कोणाला सांगितलं नाही. पिल्लू माझ्याकडे होतं. सुरुवातीला ते खिडकीवर पाय ठेवून पाण्याकडे बघायचं. मी दोन महिने खिडकी लावून घेतली आणि दिव्याखाली वह्या तपासल्या.

चैत्रात वाट उघडली तेव्हा मावशी घर आवरायला आल्या. मी सोबत गेलो. त्या भांडी काढत होत्या, मी ती पोत्यात भरत होतो. शेवयांचे डबे निघाले, तीन भरलेले. मावशींनी एकाचं झाकण उघडून वास घेतला आणि परत लावलं. मग कढई उचलली, आणि पालथी करून बघत तशाच उभ्या राहिल्या.

मी म्हणालो, "मावशी, मला एक सांगायचंय."

"सांगा की."

"फडकं मी लगेच पाहिलं होतं. चढताना पाहिलं. तरी सव्वा तास आलो नाही."

त्यांनी कढई खाली ठेवली.

"आणि लाल कापड मी आणणार होतो. दोन रविवार गेले. आणलं नाही."

बाहेर पिल्लू, आता बरंच वाढलेलं, चिखलात काहीतरी उकरत होतं.

"लालचं मला म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "त्यो उंबराखालनं फोन करायचा रविवारचा. म्हनला, मास्तर पुस्तकात गुतलाय, तुज्याकडचं एकांदं जुनं लाल लुगडं बघून ठिव. मी ठिवलं. फाडून, घडी घालून, पिशवीत घालून ठिवलं. गावाकडं येनारं कुनी गावलं तर धाडू म्हनलं. गावला न्हाई असं न्हाई. शेजारचा पोरगा दोनदा आलता हितं. त्याच्याजवळ द्यायचं राह्यलं."

"मावशी..."

"पिशवी अजून खुंटीला हाय. मी घरच्यांना बी सांगितलं न्हाई." त्यांनी पदराने हात पुसले. "गॅस बंद व्हता ते मी बी बघितलंय मास्तर. दुसऱ्या दिशी आलते तवाच बघितलं."

मला वाटलं होतं की सांगितल्यावर त्या रागावतील, किंवा डॉक्टरांसारखं समजावतील. दोन्हीची मी तयारी केली होती. त्यांनी दोन्ही केलं नाही. त्या उरलेली भांडी काढायला लागल्या, आणि मी भरायला लागलो. जाताना पोतं आम्ही दोघांनी दोन टोकांना धरून चिखलातून आणलं. मध्ये एकदा त्या थांबल्या, दम घेतला आणि म्हणाल्या, "जड हाय." मी म्हटलं, "हो."

हे लिहिण्याआधी मी त्यांना विचारलं. म्हणाल्या, "लिवा. पन माजं बी लिवा."

घराला आता कुलूप आहे आणि किल्ली मावशींकडे आहे. कुत्रं माझ्याकडे राहतं. गावातल्या पोरांनी चायनीजसाठी बाजारातली एक गाडी शोधली आहे. मावशी महिन्यातून एकदा नवलाख उंबऱ्याहून येतात, माझ्या खोलीवर चहा घेतात, कुत्र्याला भाकरी घालतात आणि साडेचारच्या बसने परत जातात. त्या शनिवारबद्दल आम्ही पुन्हा बोललेलो नाही.